कोडाईकनालच्या मातीतला पारा : किलोला 10 मिलिग्रॅम की 20?

अमेरिकेतल्या वॉटरटाउनचा थर्मामीटर कारखाना 1983च्या सुमारास तमिळनाडूतल्या कोडाईकनालला आला. त्याच्या मागच्या उताराखाली पांबार शोला हे जंगल आहे. 2001मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग सापडला आणि कारखाना बंद पडला. 2003मध्ये सुमारे 290 टन कचरा जहाजानं अमेरिकेला परत गेला. माती जागेवरच राहिली.

पारा साध्या तापमानालाही उडतो. स्वच्छ हवेत तो घनमीटरला एक-दोन नॅनोग्रॅम असतो. कारखान्याबाहेर एका अभ्यासात 1.32 मायक्रोग्रॅम (1,320 नॅनोग्रॅम) आढळला, म्हणजे जवळपास हजारपट. वाऱ्यानं गेलेल्या पाऱ्याचा माग काढायला संशोधकांनी झाडांवरचं मॉस आणि दगडफूल तपासलं. यांना मुळं नसतात, जे मिळतं ते हवेतून आणि पावसातून, त्यामुळे पारा त्यांच्यात साठत जातो. वीसेक किलोमीटरवरच्या बेरिजम तळ्याकडचे नमुनेही तपासले गेले.

खरा वाद मातीच्या आकड्याचा, म्हणजे सफाईनंतर मातीत किती पारा राहिला तर चालेल याचा. भारतात तेव्हा मातीतल्या पाऱ्याला स्वतःची मर्यादाच नव्हती. आधी नेदरलँड्सच्या निकषावरून किलोला 10 मिलिग्रॅम हा आकडा पुढे आला. मग जागेपुरता अभ्यास झाला आणि 20 मान्य झाला. कडक मर्यादा ठेवली तर जास्त माती उपसावी लागेल, शोलातली झाडं तुटतील, उतार धुपेल, अशी बाजू मांडली गेली. धुपेची भीती खरीच आहे. पण हा हिशेब तिथे घरं बांधून राहणाऱ्या माणसाच्या आरोग्यावर बेतला होता. उताराखाली मात्र जंगल, पांबार ओढा आणि मासे आहेत.

शिवाय ‘पारा’ म्हणजे नेमका कोणता? ब्रिटनच्या 2009च्या निवासी जमिनीसाठीच्या मार्गदर्शक मूल्यांत धातुरूप पाऱ्याला 1, मिथाइल पाऱ्याला 11 आणि असेंद्रिय क्षारांना 170 मिलिग्रॅम अशी तीन मूल्यं होती. 20चा आकडा एकूण पाऱ्याचा. ओढ्याच्या गाळात जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांत चढतो. 1956मध्ये जपानमधल्या मिनामाताचे रुग्ण समोर आले आणि 1968मध्ये जपान सरकारनंही त्याचं कारण मिथाइल पारा असल्याचं मान्य केलं, म्हणजे या रूपाची घातकता जगाला आधीच ठाऊक होती. एवढं असून एकच आकडा पुरेसा मानला गेला, हे पटत नाही.

पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार 2017मध्ये अमलात आला, 2018मध्ये भारतानं त्याला मंजुरी दिली. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै 2025मध्ये आले, म्हणजे कारखान्याला टाळं लागल्यावर चोवीस वर्षांनी. 20पेक्षा कमी पारा असलेली माती हिशेबाप्रमाणे ‘स्वच्छ’ ठरून उतारावरच राहते आणि पावसात ओढ्याकडे सरकते. म्हणून दर ईशान्य मोसमी पावसानंतर पांबारच्या गाळातला आणि माशांतला मिथाइल पारा वेगळा मोजला पाहिजे, आणि ते आकडे गावाच्या हातात पडले पाहिजेत.