पडायला गुरूवर, उठायला चंद्रावर

मूकपटातला माणूस आपल्यासारखा पडत नाही. आपण घसरलो तर निदान ‘अगं आई गं’ म्हणायला तरी वेळ मिळतो. तो थेट भुईसपाट!

ही करामत हँडलाची. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. वेग सेकंदाला १६ फ्रेमच्या, म्हणजे १६ चित्रांच्या, आसपास, आणि विनोदी प्रसंगात कॅमेरामन मुद्दाम हात संथ ठेवायचा. पुढे बोलपट आले नि २४ फ्रेमचा वेग पक्का झाला. १६ ने टिपलेलं २४ ने दाखवलं की सगळं दीडपट वेगाने पळतं. चालणारा लगबगतो, ते ठीकच. पडण्याचं गणित मात्र वेगळं. वेळ दीडपट आक्रसली की त्वरण (वेग वाढण्याचा दर) दीडच्या वर्गाइतकं, म्हणजे सव्वादोन पट वाढतं. पडद्यावरचं गुरुत्वत्वरण ९.८ वरून २२ वर जातं. जवळजवळ गुरू ग्रहच! एक मीटर पडायला एरवी ०.४५ सेकंद लागतात, इथे ०.३.

एवढासा फरक डोळ्यांत भरतो, कारण मेंदू पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण गृहीत धरूनच बसलेला असतो. १९९८ मध्ये कोलंबिया यानात अंतराळवीरांना वरून येणारा चेंडू झेलायला लावला होता. वजनरहित अवस्थेत त्याचा वेग वाढत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, तरी हात आपले वेळेआधीच सरसावायचे.

पण गुरूवर आपटलेला माणूस उठताना मेटाकुटीला यायला हवा. हा पठ्ठ्या कपडे झटकत टुणकन उभा, चंद्रावर असल्यासारखा! पडताना जड, उठताना हलका. मला तरी हसू फुटतं ते या विसंगतीमुळे. आणि अर्थात, त्याला लागलेलं नाही म्हणून.

मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मधल्या प्रसिद्ध प्रसंगाला असल्या हातचलाखीची गरजच पडली नाही. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. सॅक्रामेंटोत उभारलेली ती भिंत खरीखुरी जड होती. हिशेब शाळकरी भूमितीचा: पायाशी बिजागरीवर फिरणाऱ्या भिंतीतली खिडकी जेवढ्या उंचीवर, तेवढ्याच अंतरावर ती जमिनीला टेकणार. तिथे उभं राहायचं आणि हलायचं नाही. खांद्यांशी मोकळी जागा उरते जेमतेम काही इंच.

गुरुत्वाकर्षणाचा नियम इथे तंतोतंत पाळला जातो, तरी आपला अंदाज सपशेल चुकतो. मेंदू भिंत बघतो; खिडकीचं भोक मोजत नाही. धूळ उडते. कीटनचा चेहरा ढिम्म. तो इकडेतिकडे पाहतो, आणि मग धूम ठोकतो.