पूरग्रस्तांना ‘काहीही चालतं’ असं नाही

‘पूर आलाय, घरातले जुने कपडे द्या, काहीही चालतं.’ मलेशियात पूर आला की असं आवाहन फिरतं. पूर्व किनाऱ्यावर, केलांतान-तेरेंगानू या राज्यांकडे, नोव्हेंबर ते मार्च ईशान्य मोसमी पाऊस असतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण काहीही चालत नाही.

पूरग्रस्तांची सोय बहुधा शाळांत होते. वर्गावर्गांत कुटुंबं दाटीवाटीने झोपलेली. तिथे कपड्यांची पोती आली की आधी जागा जाते, मग निवडायला माणसं अडकतात. ओले, कुबट कपडे वाळवणार कुठे? बाहेर पाऊस सुरूच असतो. शेवटी त्यातले बरेच टाकून द्यावे लागतात. गरज वेगळीच असते: पिण्याचं पाणी, सॅनिटरी पॅड, बाळांचे डायपर, कोरे सारोंग (लुंगीसारखं कमरेचं वस्त्र), बायकांना नमाजासाठी तेलेकुंग, म्हणजे डोकं आणि अंग झाकणारं सैल वस्त्र. पाणी ओसरलं की चिखल काढायला फावडी आणि खराटे.

खात्री करायची तर छावणीत काम करणाऱ्या कुणाला तरी फोन करून आज काय संपलंय ते विचारा. मग पोतं पाठवायचा खर्च मांडा. तेवढ्या पैशांत जवळच्या कोरड्या गावातून नवी वस्तू येते का, तेही बघा. कपडे द्यायचेच असतील तर धुऊन, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून, वर चिठ्ठी लावून द्या.