वाढीव वॉरंटी आणि एडीपी: लॅपटॉपवर चहा सांडला तर कोणता कागद कामाला येतो?

लॅपटॉपचं बिल करताना दुकानदार दोन गोष्टी सुचवतो. एक, एक्स्टेंडेड वॉरंटी. दुसरी, अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन, म्हणजेच एडीपी. दोन्हींचे वेगळे पैसे पडतात, म्हणून बरेच जण त्यातली एक घेतात आणि "आता तीन वर्षं काही झालं तरी कंपनी बघेल" असं धरून चालतात. खरी फसगत इथेच होते.

वाढीव वॉरंटीने मुदत वाढते, कारणं वाढत नाहीत. पहिल्या वर्षी कंपनी जे फुकट दुरुस्त करून देत होती, म्हणजे कारखान्यातला दोष, तेवढंच ती तिसऱ्या वर्षीही देते. एडीपीमध्ये कारणं वाढतात: हातून पडणं, काही सांडणं, विजेचा दाब अचानक वाढून मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) जळणं. स्क्रीनवर आपोआप उभी रेघ आली तर वॉरंटी. झाकण बंद करताना आत पेन राहिलं आणि स्क्रीन तडकली तर एडीपी. एडीपी बहुतेक वेळा लॅपटॉपची वॉरंटी चालू असेपर्यंतच चालते. त्यामुळे तिन्ही वर्षं अपघाताचं संरक्षण हवं असेल तर दोन्ही घ्यावे लागतात, हे दुकानात क्वचितच कोणी स्पष्ट सांगतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर एक शब्द कानावर पडतो: सीआयडी, म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज. जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, ही तीन अक्षरं आली की त्या बिघाडासाठी वॉरंटी संपली. काही मशीनमध्ये आत ओलावा लागला की रंग बदलणारी पट्टी असते, शिवाय कोपऱ्याचा पोचा आणि बोर्डावरचे डाग लपत नाहीत. पण हिंजचं काय? झाकणाची बिजागरी घट्ट होत जाते, मग एक दिवस बाजूचं प्लास्टिक फाटतं. ग्राहक म्हणतो दोष, सेंटर म्हणतं तुम्ही जोरात उघडलंत. माझं ठाम मत आहे की हिंज कुरकुरायला लागल्याच दिवशी, प्लास्टिक शाबूत असतानाच, फोटो काढून लेखी तक्रार नोंदवावी. फाटल्यानंतरचा वाद ग्राहकाला जिंकणं फार जड जातं.

एडीपी म्हणजे सर्व काही, असंही नाही. डेल, एचपी यांच्या योजनांत साधारणपणे वर्षाला एकच घटना धरतात; अ‍ॅपलकेअर प्लसमध्ये दर वेळी ठरावीक सेवाशुल्क भरावं लागतं. चोरी आणि पूर सहसा वगळलेले असतात. पुण्यात हे वाचून पुढे सरकू नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. अशा पाण्यात बुडालेल्या लॅपटॉपला एडीपीचा आधार मिळेल असं धरू नये. तिथे घरातल्या वस्तूंचा विमा लागतो. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर येतो, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला संरक्षण मिळतं.

आता समजा वाढीव वॉरंटी आणि एडीपी दोन्ही नसताना चहा सांडलाय. चार्जर काढा, पॉवर बटण दाबून मशीन पूर्ण बंद करा आणि "चालतोय का बघू" म्हणून पुन्हा सुरू करू नका. पाण्यापेक्षा वीज चालू असताना राहिलेला ओलावा बोर्ड जास्त लवकर खातो, आणि चहातली साखर-दूध आत चिकटून राहतं. तांदळात ठेवून काही साधत नाही. बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा लागतो. सर्व्हिस सेंटर बहुधा अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतं, बाहेरचा चिप-लेव्हल कारागीर एखादी चिप किंवा फ्यूज बदलून तेच काम कमी पैशांत करू शकतो. वॉरंटी अजून चालू असेल तर आधी सेंटरकडून लेखी निदान घ्या, कारण बाहेर उघडलेल्या मशीनचा पुढचा प्रत्येक बिघाड तुमच्यावर ढकलायला वाट मोकळी होते. वॉरंटी संपली असेल तर चांगल्या कारागिराकडे जाण्यात कमीपणा नाही. फक्त जुना भाग परत मागा आणि नव्या भागाची हमी बिलावर लिहून घ्या.

डेटाची जबाबदारी मात्र यांतलं कोणीच घेत नाही. बोर्ड बदलल्यावर विंडोज बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, मागू शकतं; ती मशीन ठीक असतानाच काढून ठेवा.

सेंटरने दोषालाच सीआयडी ठरवलं असं वाटलं, तर तंत्रज्ञाचं कारण फोटोंसह लेखी मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. आयोगाकडे जायला वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.