माँटगोमेरीचा बस निकाल: बहिष्कारामागची कोर्टातली लढाई

अमेरिकेतल्या बसमधल्या वंशभेदाची हकिगत बहुतेक वेळा डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना झालेल्या अटकेपासून सांगतात. कायदा ज्या खटल्याने बदलला, त्यात मात्र अटक झालेल्या त्या बाई नव्हत्याच.

१८९६ मध्ये लुइझियानातल्या रेल्वे डब्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ (म्हणजे सोय सारखी असेल तर वंशानुसार वेगळे बसवणे कायदेशीर) हे तत्त्व उचलून धरले होते. १९४६ मध्ये व्हर्जिनियातल्या खटल्यात बसमध्ये वेगळे बसण्याची सक्ती रद्द झाली, पण फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवाशांपुरती. शहरातल्या शहरात कामाला जाणाऱ्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

माँटगोमेरीत बसमधल्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. कृष्णवर्णीयांनी पुढे पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने चढायचे. कधी कधी तेवढ्यात बस निघून जाई. डिसेंबरच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहर बसवर टाकलेल्या बहिष्काराच्या सुरुवातीच्या मागण्या मवाळ होत्या: सौजन्याची वागणूक, काही मार्गांवर कृष्णवर्णीय चालक, आणि आधी येईल त्याला जागा, तीही गोऱ्यांनी पुढून व काळ्यांनी मागून भरत येण्याची. शहराने एवढेही नाकारले, बहिष्काराचे पुढारी मार्टिन लूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला आणि १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघीय न्यायालयात दावा दाखल झाला.

पार्क्स यांचे गाजलेले प्रकरण त्यातून वगळण्यावर आजही उलटसुलट बोलले जाते. ते फौजदारी प्रकरण राज्याच्या कोर्टांत अपिलात होते. ते दाव्यात गुंतवले असते तर सगळेच रखडण्याचा धोका होता. वकिलांचा निर्णय मला बरोबर वाटतो. पण निकालापर्यंत वादी म्हणून टिकलेल्या चार जणींच्या वाट्याला विस्मरण आले. त्यांतली एक तर मार्च १९५५ मध्येच, वयाच्या १५व्या वर्षी, जागा न सोडल्याबद्दल अटक झालेली शाळकरी मुलगी होती.

५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मतांनी शहर बसमधली वेगळे बसण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, तोही मोजक्या ओळींत आणि १८९६ च्या निकालाचे नावही न घेता. त्याच दिवशी माँटगोमेरीच्या कोर्टात बहिष्कारकऱ्यांच्या सामायिक गाड्या बंद करण्याच्या अर्जावर सुनावणी चालू होती. वरचा निकाल कळूनही तिथे मनाई हुकूम निघालाच. आदेशाची प्रत शहरात पोचेपर्यंत, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, लोक पायी चालत राहिले.

डिसेंबर १९६० मध्ये आंतरराज्य बसस्थानकांतल्या उपाहारगृहांतही भेदभावाला मनाई झाली. दक्षिणेत ती कुणी जुमानेना, म्हणून १९६१ च्या उन्हाळ्यात गोरे आणि कृष्णवर्णीय तरुण मुद्दाम एकत्र बसप्रवासाला निघाले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. स्थानकांवरच्या गोऱ्या-काळ्यांसाठीच्या वेगवेगळ्या पाट्या उतरवण्याचा केंद्रीय नियम १ नोव्हेंबर १९६१ रोजी लागू झाला.