तीच ती गाणी आणि हरवलेले निवेदक : अमेरिकी क्लासिक रॉक रेडिओची पार्श्वभूमी

अमेरिकेत गाडी घेऊन लांब निघालं की एका शहराचं क्लासिक रॉक, म्हणजे जुनी गाजलेली रॉक गाणी लावणारं, स्टेशन खरखरायला लागतं, मग पुढच्या शहराचं लागतं आणि गाणी बहुधा तीच निघतात. २०१४ मध्ये ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने अशा २५ स्टेशनांवर आठवडाभर काय वाजतं याची मोजदाद केली. लेड झेपेलिन, व्हॅन हेलन, रोलिंग स्टोन्स अशा पहिल्या २५ कलाकारांनीच जवळपास निम्मी जागा अडवलेली निघाली. श्रोत्यांच्या नेहमी दोन तक्रारी असतात. गाणी घासून गुळगुळीत झाली आहेत आणि निवेदकांमध्ये आता राम उरलेला नाही. माझ्या मते ही एकच तक्रार आहे. कोणतं गाणं लावायचं हे ठरवण्याचा हक्क निवेदकाच्या हातून टप्प्याटप्प्याने काढून घेतला गेला, त्यातूनच दोन्ही गोष्टी घडल्या.

सुरुवात रॉकच्या आधीची. ओमाहातल्या केओडब्ल्यूएच स्टेशनचा मालक टॉड स्टॉर्झ याचा एक किस्सा या धंद्यात अजून सांगतात. बारमध्ये दिवसभर गिऱ्हाइकं ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून वाजवायच्या यंत्रावर, तीच ती गाणी लावत होती. रात्री आवराआवर करताना वेट्रेसने टिपमधली नाणी काढली आणि पुन्हा त्यातलंच एक गाणं लावलं. किस्सा खरा की रचलेला यावर मतभेद आहेत, पण लोकांना तीच गाणी पुन्हा पुन्हा हवी असतात, याच समजुतीवर ‘टॉप ४०’ हा मोजकी लोकप्रिय गाणीच फिरवत राहण्याचा प्रकार उभा राहिला. मग १९५९-६० मध्ये पेओला प्रकरण गाजलं. आपली गाणी वाजावीत म्हणून रेकॉर्ड कंपन्या डीजेंना, म्हणजे गाणी लावणाऱ्या निवेदकांना, पैसे चारत होत्या. ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या डीजेची कारकीर्द त्यात बुडाली. यापुढे निवड डीजेवर सोडायचीच नाही, हा धडा मालकांनी घेतला आणि ती प्रोग्रॅम डायरेक्टरच्या, म्हणजे स्टेशनचे कार्यक्रम आखणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर गेली.

एफएममुळे ही पकड काही वर्षं सैल झाली. तोवर बहुतेक एफएम स्टेशनांवर त्याच मालकाच्या एएम स्टेशनचा कार्यक्रम जसाच्या तसा चाले. मोठ्या शहरांत निम्मा वेळ तरी वेगळा कार्यक्रम द्या, असा नियम सरकारी एफसीसी आयोगाने केला. १९६७ च्या सुरुवातीला तो पूर्णपणे लागू झाला आणि कितीतरी तास रिकामे पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम स्टेशनवर टॉम डोनाह्यू हा डीजे आला. त्याच्याकडे डीजे आपल्या मनाने रेकॉर्ड काढत. अल्बममधले लांबलचक ट्रॅक, ब्लूज, लोकसंगीत, मधूनच रविशंकरांची सतार. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर ॲलिसन स्टील रात्रपाळी करायची. श्रोते तिला ‘नाइटबर्ड’ म्हणून ओळखत. बासरीच्या सुरावर ती खर्जातल्या आवाजात कवितेच्या ओळी वाचायची आणि त्यातूनच अलगद पहिल्या गाण्यात शिरायची. निवड तिचीच असल्यामुळे तिचा आवाज आणि तिची गाणी वेगळी काढता येत नसत. अमेरिकी रेडिओचा हा सर्वांत सुंदर काळ होता, असं मी मनापासून मानतो.

त्यात मग पैसा दिसू लागला. विशीतल्या ली अब्राम्सने केंट बर्कहार्टसोबत सल्लागार कंपनी काढली आणि ‘सुपरस्टार्स’ हा ठरीव साचा स्टेशनांना विकायला सुरुवात केली. हा माणूस लिफ्ट मागत फिरायचा आणि गाडीवाले कोणत्या गाण्याला स्टेशन बदलतात ते टिपायचा, असं सांगतात. त्याने काढलेला निष्कर्ष साधा होता : मोजके बँड, त्यांची मोजकी गाणी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशभरातली अनेक स्टेशनं त्याच्या सल्ल्याने चालत होती.

या साच्यातून नवी गाणी वजा केली की क्लासिक रॉक उरतो. डेट्रॉइटला प्रोग्रॅम डायरेक्टर राहिलेल्या फ्रेड जेकब्सने ही कल्पना पुढे रेटली आणि १९८५ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या डब्ल्यूएमएमक्यू स्टेशनने ती उचलली. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेली पिढी आता कमावती झाली होती. जाहिरातदारांना २५ ते ५४ वयाचे श्रोते हवे असतात, ते इथे आयते मिळाले.

गाण्यांची यादी किती आखडली, हे सभागृह-चाचणीत कळतं. हॉटेलच्या हॉलमध्ये शंभरेक श्रोत्यांना मानधन देऊन बसवतात. एकेका गाण्याचा सर्वांत ओळखीचा तुकडा, जेमतेम सात-दहा सेकंदांचा, वाजतो. प्रत्येकाने गुण द्यायचे की लगेच पुढचा तुकडा. असे शेकडो. या परीक्षेत आधीपासून पाठ असलेलं गाणंच पास होणार. कधी न ऐकलेल्या उत्तम गाण्याला दहा सेकंदांत कोण गुण देईल? त्यामुळे दर चाचणीगणिक काही गाणी गळतात आणि नवी जवळपास येतच नाहीत. उरलेल्यांचा क्रम संगणक लावतो. निवेदकाकडे गाण्यांमधली काही सेकंदं राहतात, तीही बरीचशी स्टेशनचं नाव घेण्यात जातात. कारण श्रोतासंख्या तेव्हा श्रोत्यांनी भरायच्या वह्यांवर मोजली जाई आणि वहीत लिहायला श्रोत्याला नाव आठवायला हवं.

सकाळची वेळ तेवढी अपवाद. हॉवर्ड स्टर्नसारखे निवेदक तिथे तासन्‌तास बोलत, गाणी नावापुरती. म्हणजे एकाच स्टेशनवर सकाळी गाण्यांविना माणूस आणि उरलेला दिवस माणसाविना गाणी.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने उरलंसुरलं संपवलं. तोवर एका कंपनीला देशात ४० स्टेशनांची मर्यादा होती. ती उठली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनेलकडे सुमारे १,२०० स्टेशनं जमा झाली. खर्च वाचवायला व्हॉइस ट्रॅकिंग, म्हणजे निवेदन आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवणं, आलं. निवेदक फक्त गाण्याची शेपटी आणि पुढच्या गाण्याचं तोंड ऐकतो, मध्ये दोन वाक्यं बोलतो आणि चार-पाच तासांची पाळी तासाभरात उरकतो. कित्येकदा अशा गावासाठी, जिथे तो कधी गेलेलाच नाही. जानेवारी २००२ मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉटजवळ मालगाडी घसरून अमोनिया पसरला, एक जण दगावला. गावातली सहाही व्यापारी स्टेशनं क्लिअर चॅनेलची होती आणि पोलिसांचं म्हणणं, लोकांना सावध करायला सांगावं तर तिथे फोन उचलायला कोणी नव्हतं. पोलिसांनीच रेडिओवरून इशारा देण्याची आपत्कालीन यंत्रणा नीट वापरली नाही, असं कंपनीने सांगितलं. ती यंत्रणा चालायलाच हवी होती, पण स्टुडिओत एखादा माणूसही असायला हवा होता.

२००७ पासून मोठ्या शहरांत वह्यांच्या जागी अंगावर बाळगायची छोटी मापकयंत्रं आली. निवेदक बोलायला लागला की लोक स्टेशन बदलतात, असा अर्थ त्यांच्या आकड्यांतून व्यवस्थापकांनी काढला आणि बोलणं आणखी छाटलं. लॉस एंजेलिसच्या केएलओएसवर जिम लॅड तोवर आपली गाणी आपणच निवडत होता. अशी मुभा असलेला मोठ्या व्यापारी स्टेशनवरचा तो जवळजवळ शेवटचाच. २०११ मध्ये स्टेशनची मालकी बदलली आणि त्याला नारळ मिळाला. तो सिरियसएक्सएमच्या उपग्रह रेडिओवर गेला. तिथल्या संगीत वाहिन्यांवर तेव्हा जाहिराती नसत, पैसे श्रोता भरायचा. डिसेंबर २०२३ मध्ये निधन होईपर्यंत तो तिथेच होता आणि पुढचं गाणं कोणतं, हे त्याचं तोच ठरवायचा.