बांधकाम उपकंत्राटातील विमा अटी

मुख्य कंत्राटदार वायरिंग, वॉटरप्रूफिंग किंवा पोलादी सांगाडा असा कामाचा एखादा भाग उपकंत्राटदाराकडे सोपवतो, तेव्हा उपकंत्राटदाराने कोणता विमा, किती रकमेचा आणि कुठवर चालू ठेवायचा हे ठरवणारी करारातील कलमे. काम वाटून देता येते, मालकापुढची जबाबदारी मात्र मुख्य कंत्राटदाराचीच राहते. उपकंत्राटदाराच्या वेल्डिंगच्या ठिणगीने आग लागली तरी मालक जाब मुख्य कंत्राटदारालाच विचारतो. या अटींची गरज तिथूनच येते.

कामगार भरपाई, त्रयस्थांच्या इजा-नुकसानीचे दायित्व आणि वाहने हे नेहमी मागितले जाणारे विमे. डिझाइनही उपकंत्राटदाराचे असेल तर व्यावसायिक दायित्वाचा विमा वेगळा लागतो.

सर्वांत जास्त गफलत होते ती विमा प्रमाणपत्राबाबत. साइटवर पाऊल टाकण्यापूर्वी उपकंत्राटदार एक कागद देतो, तो फायलीला लागतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे. अमेरिकेत सर्रास चालणाऱ्या 'ॲकॉर्ड २५' या नमुन्याच्या माथ्यावरच छापलेले असते, की हा कागद केवळ माहितीसाठी असून तो धारकाला कोणताही हक्क देत नाही. हक्क मिळतो तो मुख्य कंत्राटदाराचे नाव 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून पॉलिसीत जोडणाऱ्या पुरवणीने, म्हणजे एंडॉर्समेंटने. म्हणून ती पुरवणीच मागून घ्यावी आणि वाचावी. त्याच देशात चालू कामासाठी 'सीजी २० १०' आणि पूर्ण झालेल्या कामासाठी 'सीजी २० ३७' अशा दोन निरनिराळ्या पुरवण्या आहेत. फक्त पहिलीच घेतली आणि काम सोपवल्यानंतर गच्ची गळू लागली, तर मुख्य कंत्राटदाराला त्या पॉलिसीचा आधार उरत नाही.

मुदतीचा प्रश्न इथेच येतो. काही पॉलिसी घटना कधी घडली ते पाहतात, काही दावा कधी दाखल झाला ते. दुसऱ्या प्रकारात काम संपल्यावर विमा बंद केला की जुन्या चुकीचा नवा दावा उघड्यावर पडतो. व्यावसायिक दायित्वाचे विमे बहुधा याच प्रकारचे असल्याने ते काम संपल्यानंतरही काही वर्षे चालू ठेवण्याची अट घालतात.

उभ्या राहणाऱ्या इमारतीचा सर्वजोखीम विमा मात्र बहुधा मालक किंवा मुख्य कंत्राटदार काढतो. 'फिडिक' या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, विम्याचे कलम १९९९च्या आवृत्तीत अठरावे, तर २०१७च्या आवृत्तीत एकोणिसावे आहे. उपकंत्राटदाराचे नाव या पॉलिसीत असले, तरी त्याची स्वतःची यंत्रे व अवजारे बहुधा तिच्या बाहेर असतात. दाव्यातली वजावट, म्हणजे विमा कंपनी न देणारा सुरुवातीचा हिस्सा, कोणी सोसायची हे करारात लिहिले नसेल, तर ती अनेकदा त्याच्याच बिलातून कापली जाते. त्याचे नाव नसेल, तर भरपाई दिल्यावर विमा कंपनी तीच रक्कम त्याच्याकडून वसूल करू पाहते. हा वसुलीचा हक्क सोडल्याचे कलम त्यामुळे उपकंत्राटदारासाठी मोलाचे ठरते.

रकमेची मर्यादा कामाच्या जोखमीला धरून असावी. क्रेन चालवणाऱ्याला आणि दोन खोल्या रंगवणाऱ्याला एकच आकडा लावणे अन्यायाचे आहे. त्याचा हप्ता लहान उपकंत्राटदाराला पेलत नाही आणि तो काम सोडतो, नाहीतर अपुऱ्या विम्यावरच सुरू करतो. उपकंत्राटदार पुढे आणखी कोणाला काम देणार असेल, तर याच अटी त्या कंत्राटातही उतरवाव्या लागतात. विम्याविना कामगार परांचीवर चढतो तो बहुतेकदा साखळीच्या या शेवटच्या टोकाला.