ओल्या रस्त्यावर गाडी घसरणं आणि ती परत ताब्यात घेणं

गाडी स्लिप होणं, लहरणं, मागून झोला मारणं, स्टेअरिंग दिलं तरी सरळच जाणं, नावं बरीच आहेत पण मूळ एकच. टायरने रस्ता सोडलेला असतो आणि गाडी ड्रायव्हरच्या मनाने न जाता तिच्या वेगाच्या मनाने जात असते. महाराष्ट्रात आणि गोव्यात हा जून ते सप्टेंबरचा विषय, शिवाय एप्रिल-मे मधल्या वळवाच्या पावसाचा, आणि खरं सांगायचं तर वळवाचा जास्तच. घसरलेली गाडी परत हातात येते, पण त्यासाठी ड्रायव्हरकडे एक-दोन सेकंद असतात आणि त्या वेळात पाय जे आपोआप करतो (ब्रेकवर उभं राहतो) तेच बहुतेक वेळा चुकीचं असतं.

गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. एका टायरचा एक तळहात, तेवढाच रबराचा तुकडा कुठल्याही क्षणी जमिनीला लागलेला असतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक (पकड मोजायचा आकडा) साधारण ०.७ ते ०.८ असतो, ओल्यावर तो ०.४-०.५ पर्यंत येतो, चिखल किंवा तेल असेल तर आणखी खाली. ०.७ धरला तर ताशी ८० किमीवरून पूर्ण ब्रेक लावलेली गाडी ३६ मीटरमध्ये थांबते, ०.४ धरला तर ६३ मीटर लागतात. आणि हा हिशोब ब्रेक लागल्यानंतरचा झाला, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यातच गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकचा खर्च त्यातूनच, वळण्याचा त्यातूनच, रेस देण्याचाही त्यातूनच. उन्हाळ्यात पगार दणकून असतो म्हणून वळणात ब्रेक मारला तरी भागून जातं, पावसात पगार निम्म्यावर येतो पण आपल्या सवयी त्याच राहतात. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवला की दोन्ही खर्च एकदम येतात आणि खातं रिकामं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात की ब्रेक वळणाच्या आधी, वळणात फक्त स्टेअरिंग. त्याच्यामागे हाच हिशोब आहे.

पहिला पाऊस

सगळ्यात निसरडा रस्ता धो-धो पावसातला नसतो, पहिल्या अर्ध्या तासाच्या भुरभुर पावसातला असतो. ऑक्टोबरपासून रस्त्यावर ऑइल, सांडलेलं डिझेल, टायरची झिजलेली पूड आणि धूळ साचत गेलेली असते, वळवाची पहिली सर येते आणि या सगळ्याचा लेप तयार होतो. जोरदार पाऊस झाला की तो वाहून जातो, नुसती रिमझिम झाली तर तसाच राहतो. टू-व्हीलरवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं कारण ते पडतात. कारवाल्यांना उशिरा कळतं.

जागेप्रमाणे निसरडेपणाची जात बदलते. कोकणात लाल माती रस्त्यावर वाहून येते, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचे गोळे येतात आणि त्यावर पाणी पडलं की लोणीच. ऑगस्टपर्यंत घाटात जिथे ऊन पोचत नाही तिथे रस्त्याच्या कडेला शेवाळ धरलेलं असतं. शहरात मॅनहोलची झाकणं, पुलावरच्या जोडाच्या लोखंडी पट्ट्या, मेट्रोच्या कामासाठी टाकलेले पत्रे आणि रंगवलेले जाड पांढरे पट्टे. यातलं काहीही चाकाखाली असताना ब्रेक किंवा मोठं स्टेअरिंग नको, एवढं धरलं तरी पुष्कळ.

गाडी पाण्यावर तरंगते तेव्हा

हा वेगळाच प्रकार आहे, याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. रस्त्यावर ३ मिमी पाणी साचलंय, टायर १८५ मिमी रुंद आहे आणि गाडी ८० ला चाललीय असं धरा, तर एकेका पुढच्या टायरला दर सेकंदाला साधारण १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे एक बादली. टायरवरची नक्षी त्यासाठीच असते, दिसायला नाही. नक्षी झिजली किंवा वेग वाढला की बादली उपसून होत नाही, पाणी टायरच्या पुढे दाटतं, मग टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाक उचललं जातं.

यावर मूळ काम झालं ते विमानांसाठी. ओल्या धावपट्टीवर उतरलेली विमानं थांबत नव्हती म्हणून नासाने चाचण्या केल्या आणि १९६३ मध्ये अहवाल काढला. त्यातून आलेलं सूत्र अजून वापरतात: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये, म्हणजे पंपावर हवा भरताना सांगतात त्या आकड्याचं) वर्गमूळ काढायचं आणि १०.३५ ने गुणायचं, येतो तो ताशी मैलांमधला तरंगण्याचा वेग. ३२ पीएसआयला हे ताशी ९४ किमीच्या आसपास बसतं. सूत्र विमानाच्या टायरवरून आलंय, कारचा टायर रुंद आणि झिजलेला असेल तर तो याच्या बऱ्याच आधी तरंगू शकतो, त्यामुळे ९० पर्यंत सेफ असं कोणी समजू नये. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते की हवा कमी तर तरंगणं लवकर. पावसाळ्यात हवा जरा कमी ठेवायची म्हणजे ग्रिप वाढते असं गॅरेजवर ऐकायला मिळतं, ते शेतातल्या चिखलाला आणि किनाऱ्यावरच्या वाळूला लागू आहे, डांबरावर साचलेल्या पाण्याला उलटं.

हायवेवर लोडेड ट्रकच्या चाकांनी डांबर दबून दोन लांबच लांब खोबणी पडतात, शब्दशः चाकोरी, आणि पावसात त्यात पाणी उभं राहतं. अशा ठिकाणी चाकोरी सोडून थोडं बाजूने चालवणं बरं.

तरंगायला लागल्याची खूण म्हणजे स्टेअरिंग अचानक हलकं होतं, हातात काहीच नसल्यासारखं. खालून पाण्याचा आवाज मोठा होतो, कधी इंजिनचा आवाजही एकदम चढतो. अशा वेळी रेसवरून पाय हळू उचलायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेकला हात (म्हणजे पाय) लावायचा नाही. बहुतेक वेळा सेकंदा-दोन सेकंदांत टायरला रस्ता सापडतो. घाबरून स्टेअरिंग एका बाजूला फिरवून ठेवलं असेल तर मात्र, रस्ता सापडल्या क्षणी गाडी त्याच बाजूला हिसका मारून जाते, आणि लोक म्हणतात गाडी अचानक डिव्हायडरवर चढली. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) पावसात बंद ठेवतात ते यासाठीच, चाक तरंगत असताना रेस कायम राहायला नको.

पुढून सुटली का मागून

साचलेलं पाणी नसताना वळणात गाडी घसरते ती दोन तऱ्हांनी. पुढची चाकं सुटली तर स्टेअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीय. आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान पुढच्या चाकांवर चालतात (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जातो) त्यामुळे त्यांच्यात हे जास्त. मनात येतं अजून वळवू, आणि तीच चूक, कारण जितकं जास्त वळवाल तितकं चाक आडवं होऊन फरफटत जातं. रेस सोडायची, स्टेअरिंग थोडं परत आणायचं (हे फार अवघड जातं, दरी समोर दिसत असताना हात मागे कसा घ्यायचा), वजन पुढच्या चाकांवर आलं आणि वेग जरा उतरला की पकड येते, मग परत वळवायचं.

मागची चाकं सुटली तर गाडीची शेपटी बाहेर जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये हा धोका मोठा: बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, इनोव्हा क्रिस्टा. त्यातून गाडी रिकामी असेल तर मागे वजनच नसतं. आमच्याकडे एक जुनी व्हॅन होती, चार माणसं मागे बसली की गुणी आणि एकटा चालवत असलो की पावसात प्रत्येक वळणावर कंबर हलवायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही शेपटी सुटू शकते, वेगात वळताना झटक्यात रेस सोडली किंवा ब्रेक मारला की मागचा भार पुढे जातो आणि मागचे टायर हलके होतात.

इथे 'घसरणीच्या दिशेने स्टेअरिंग फिरवा' हा जो सल्ला देतात तो ऐनवेळी कोणाला कळत नाही, कुठली घसरण, पुढची का मागची? त्यापेक्षा सोपं म्हणजे गाडीला जिकडे न्यायचंय तिकडे बघायचं आणि पुढची चाकं तिकडे रोखायची. शेपटी उजवीकडे गेली की नाक डावीकडे वळतं, तुम्ही रस्त्याकडे बघत असाल तर हात आपोआप स्टेअरिंग उजवीकडे नेतात, आणि तेच बरोबर आहे. झाडाकडे बघितलं तर झाडाकडे जाल. पाय रेसवरून उचलायचा पण हळू. गाडी सरळ व्हायला लागली की स्टेअरिंगही लगेच सरळ आणायचं, गाडी पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघायची नाही, कारण ती थांबत नाही, पलीकडे दुसरा झोला मारते आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असतो. पहिला सावरला आणि दुसऱ्यात गेली, असं पुष्कळदा होतं.

एबीएस आणि बाकीची मंडळी

बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, आपल्याकडे कारमध्ये ते २०१९ पासून सक्तीचं झालं. चाक लॉक व्हायला लागलं की सेकंदाला अनेक वेळा ब्रेक सोडून-धरून ते चाक फिरतं ठेवतं. चाक फिरतं असलं की स्टेअरिंग चालतं, एबीएसचं खरं काम हे आहे, अंतर कमी करणं नंतर. त्यामुळे एबीएस असेल तर ब्रेक जोरात दाबायचा आणि दाबूनच धरायचा, पंप करायचा नाही. पायाखाली पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो, आणि बरेच लोक काहीतरी तुटलं समजून पाय काढतात! एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मात्र दाब-सोड-दाब हेच करावं लागतं.

ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) ही त्यापुढची पायरी, १९९५ मध्ये मर्सिडीजमध्येच आली. गाडी स्टेअरिंगप्रमाणे वळत नाहीये हे सेन्सरला कळलं की ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. १९९७ मध्ये एका स्वीडिश मासिकाने रस्त्यात अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला तर काय, अशी टेस्ट घेतली आणि मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास त्यात उलटली, नाचक्की झाली आणि कंपनीने त्या गाडीत ईएससी स्टँडर्ड दिली. त्यानंतर हे तंत्र स्वस्त गाड्यांत उतरत गेलं, युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या कारना सक्ती आहे. डॅशबोर्डवर गाडी आणि तिच्यामागे नागमोडी रेघा असलेला पिवळा दिवा लुकलुकला म्हणजे ईएससीने तुम्हाला नुकतंच वाचवलंय. पण हे सगळं टायर रस्त्याला लागलेला असेल तर. तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काही होत नाही.

घाट

आंबोलीला वर्षाला ७,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली इथेही जुलैत रस्ता दिवसचे दिवस कोरडा होत नाही. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडणारे अजून आहेत, त्यांचं काय करावं कळत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुना नियम. फक्त ओल्यात गिअर खाली टाकताना क्लच हळू सोडायचा, झटका बसला तर चालवणारी चाकं क्षणभर ब्रेक लागल्यासारखी अडखळतात आणि तिथूनच घसरण सुरू होते. हँडब्रेक चालत्या गाडीत ओढायचा नाही, तो मागचीच चाकं धरतो.

टायर

नव्या कार टायरची नक्षी साधारण ७-८ मिमी खोल असते. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण ओल्या रस्त्यावर टायर त्याच्या कितीतरी आधी कमी पडायला लागतो, ३ मिमीला बदलला तर बरं. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर बरेच लोक ते पुढे टाकायला सांगतात, टायर कंपन्या मात्र मागे टाका म्हणतात, गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो. कारण पुढची चाकं सुटली तर स्टेअरिंगमध्ये कळतं आणि रेस सोडून सावरता येतं, मागची न सांगता सुटतात.

ट्रेनिंग

आपल्याकडे आरटीओच्या टेस्टमध्ये रिव्हर्स आहे, आठ आहे, चढावर गाडी थांबवून उचलणं आहे, घसरण नाही. स्वीडनमध्ये लायसन्सआधी मुद्दाम निसरड्या केलेल्या ट्रॅकवर गाडी चालवावी लागते. नॉर्वेत पूर्वी असं ट्रेनिंग सक्तीचं केल्यावर तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण पोरांना वाटायला लागलं आपल्याला जमतंय आणि ती वेगात जायला लागली. नंतर तिकडच्या ट्रेनिंगचा रोखच बदलला, सावरायचं कसं यापेक्षा ताशी पाच-दहा किमी जास्त असले की सावरणं कसं हाताबाहेर जातं हे ट्रॅकवर दाखवायला लागले.

घसरून थांबल्यावर

गाडी आडवी होऊन थांबली तर आधी चारी इंडिकेटर चालू करायचे (चालत्या गाडीत ते धुक्यात लावून हिंडतात ते चूक, वळण्याचा इशाराच जातो), मग शक्य असेल तर गाडी कडेला. मागून येणारा त्याच निसरड्या जागेवर त्याच वेगात येणार आहे, त्यामुळे आत बसून फोन करत राहू नये. घाटात कुठल्या बाजूला उभं राहायचं हेही बघावं लागतं, डोंगराच्या बाजूला पावसात दगड येतात. निघण्याआधी टायरच्या कडा आणि रिम बघायचे, दुभाजकाला किंवा खड्ड्याला घासलं असेल तर टायरला बाजूने फुगा येतो. आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहायला लागलं असेल तर चाकांचं अलाइनमेंट गेलेलं असतं.